‘अज्ञात कारणा’ने डोंगर जळत नाहीत!

शहाड, आंबिवली, टिटवाळा, कल्याण परिसरातील नागरिकहो,

होळीच्या आगेमागे मलंगगडाच्या डोंगररांगेवर रात्री आगीची माळ दिसते. आपण फोटो काढतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी कळतं की वणवा लागला, कारण अज्ञात. ही नोंद आम्हाला मान्य नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळात सहसा ढगाचा ठिपका नसतो. आपल्याकडे वीज कडाडते ती वळवाच्या पावसाबरोबर, त्याच्या कितीतरी आधी डोंगर काळे झालेले असतात. म्हणजे काडी माणसाचीच. कोणाची आणि कशासाठी, एवढंच शोधायचं आहे, आणि नेमकं तेच कोणी शोधत नाही.

आगी वेगवेगळ्या ओळखण्याचं काम जगात झालं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञ सॅली आर्चिबाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली जगभरच्या आगींचे पाच गट पाडले. आग किती वर्षांनी येते, किती तापते, किती पसरते, हंगाम किती लांबतो, हे पाहून. कॅनडात 2023 साली दीड कोटी हेक्टरांच्या वर जंगल जळालं, ती आग क्वचित येणारी, प्रचंड आणि भीषण. शेती आणि जंगलतोडीच्या मुलखात मात्र मधूनमधून येणारी, कमी आचेची, छोटी आग आढळते. आपला वणवा या स्वभावाचा. तो शेंड्यावर चढत नाही, गवत आणि पाचोळा खात जमिनीलगत सरकतो.

म्हणूनच तो फसवतो. साग, ऐन, पळस उभे राहतात, जुलैत डोंगर हिरवा होतो आणि लोक म्हणतात, काही बिघडलं नाही. जळालेल्या उतारावर वाकून पाहा. बोटाएवढी रोपं मुळाशी करपलेली असतात, जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांची अंडी भाजलेली असतात. दरवर्षी असं झालं तर म्हाताऱ्या झाडांच्या जागी उभं राहायला तरुण झाड उरतच नाही. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्यांतून खाली येते. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत जातं. त्या नदीचे डोंगर जळणं हा फक्त गिर्यारोहकांचा विषय कसा?

आगींची नोंद ठेवा म्हटलं की ‘उपग्रह पाहतोय’, असं उत्तर मिळतं. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे इशारे उपयोगाचेच आहेत. पण उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस या उपकरणाचा एक ठिपका 375 मीटरांचा, आणि ते आपल्यावरून जातं दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. संध्याकाळी सातला पेटून अकराला विझलेला गवताचा पट्टा त्यातून सहज निसटतो. लहान आगीची नोंद जमिनीवरच व्हायला हवी.

कारणं वेगवेगळी, म्हणून नोंदही वेगवेगळी हवी. शेतात राब भाजताना उडालेली ठिणगी वेगळी, मोहफुलं वेचायला पेटवलेला पाला वेगळा, ससा-डुक्कर उठवायला लावलेली आग वेगळी, सहलीला आलेल्याने फेकलेली सिगारेट वेगळी. आणि लावलेली झाडं नकोत म्हणून टाकलेली काडी तर सगळ्यांत वेगळी! मलंगगडाच्या पायथ्याशी मांगरूळला 2017 च्या जुलैत एक लाख झाडं लावली गेली. गवत वाळल्यावर तिथे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा आग भडकली. अशी आग आणि शेतकऱ्याचा राब एकाच रकान्यात टाकले की खरा गुन्हेगार सुटतो आणि पाड्यावरचा आदिवासी बदनाम होतो. ओल्या फांद्या घेऊन आग झोडपायला आधी धावतो तोच, हे विसरू नका.

राखीव वनाला आग लावणं 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 26 खाली गुन्हा आहे. पण ‘अज्ञात इसमा’ला शिक्षा होत नाही. आमची मागणी साधी आहे: वनविभागाने प्रत्येक वणव्याची जागा, वेळ, क्षेत्र आणि कारण लिहावं, ती यादी दर पावसाळ्यापूर्वी जाहीर करावी, आणि थंडी सरायच्या आत जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढाव्यात. त्या कामाची मजुरी पाड्यावरच्या लोकांना मिळावी. एकाच उतारावर तीन वर्षं लागोपाठ आग लागली, तर तिथे चौकशी झालीच पाहिजे.

आणि आपणही. डोंगरावर आग दिसली की फोटो नंतर काढा, आधी वनविभागाच्या 1926 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा, वेळ आणि ठिकाण सांगा. हे पत्रक वाचून झालं की शेजारच्याला द्या.

— शहाडचे काही रहिवासी