ड्युरियन आणि डब्यातली सुकट

ड्युरियन हे आग्नेय आशियातलं फळ. दिसतं फणसासारखं, पण कूळ वेगळं. वास इतका उग्र की सिंगापूरच्या मेट्रोत न्यायला बंदी! निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड वॉलेस यांना मलाक्कात वासामुळे ते चाखवेना. पुढे बोर्निओत पिकून खाली पडलेलं एक फळ मिळालं, ते त्यांनी बाहेर मोकळ्या हवेत खाल्लं आणि चाहतेच झाले. १८६९च्या पुस्तकात त्यांनी हे लिहिलंय.

वर्गात मी हे मुद्दाम सांगते. कारण कुणाच्या डब्यात सुकट निघाली की बाकीचे नाक दाबतात, आणि ते मूल दुसऱ्या दिवशी बिस्किटाचा पुडा घेऊन येतं. पालकहो, हे 'शी' मुलं आपल्याकडूनच शिकतात ना? माझ्या वर्गात आता वास कसा आहे ते सांगायचं, 'शी' म्हणायचं नाही. परवा एक जण म्हणाला, "बाई, समुद्रासारखा."