‘सिंहासन’चे वावडे कशाला?

“करमणूक हवी, राजकारण नको!” मंडळासाठी चित्रपट निवडताना हे वाक्य हमखास कानी पडते. मग विनोदी सिनेमा लागतो, आपण पोटभर हसतो, बटाटेवडे खातो आणि अब्बासिया-सालमियाच्या वाटेला लागतो. हसण्याला माझा विरोध नाही. पण राजकारणाचे एवढे वावडे का?

१९६३ साली ग्रीसमध्ये लांब्राकिस या खासदारावर सभेनंतर जीवघेणा हल्ला झाला. पोलिसांनी तो अपघात ठरवला. त्यावर वासिलिकोस यांनी कादंबरी लिहिली आणि १९६९ मध्ये कोस्ता-गावरास यांनी फ्रेंचमध्ये ‘झेड’ हा चित्रपट काढला. ग्रीसमध्ये तेव्हा लष्करशाही होती, म्हणून चित्रीकरण झाले अल्जीरियात, एका अरब देशात! पुढे त्याला ऑस्करही मिळाले.

आपणही मागे नव्हतो. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. १९७९ साली ‘सिंहासन’ आला. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री, डॉ. लागूंचे अर्थमंत्री, निळू फुल्यांचा पत्रकार दिगू. सरकार पाडण्याचा कट, कामगार पुढारी, तस्कर, सगळे त्यात आहे. ‘झेड’मध्ये तपास करणारा न्यायाधीश सत्य खणून काढतो. ‘सिंहासन’मध्ये सत्य सगळ्यांना ठाऊकच असते, तरी कोणाचे काही बिघडत नाही! मला हे अधिक भयंकर वाटते.

कोणी म्हणेल, परक्या मुलखात जपून राहावे. मान्य. इथल्या राजकारणात आपण पडू नये. पण ‘सिंहासन’ मुंबईचे आहे, कुवेतचे नव्हे. अमेरिकेतला मराठी माणूस तिथला नागरिक होऊ शकतो. आपण पंचवीस वर्षे राहिलो तरी इकामाचे नूतनीकरण करतो आणि पासपोर्ट भारताचाच ठेवतो. म्हातारे आईवडील तिकडे, फ्लॅटचे हप्ते तिकडे, शेवटी परतायचेही तिकडेच. २०११ पासून अनिवासी भारतीयांना मतदार यादीत नाव नोंदवता येते. मत द्यायला मात्र गावी जावे लागते. किती जणांनी नाव नोंदवले, हे प्रत्येकाने आपल्यापुरते तपासावे.

आपल्या मुलांना मराठी बोलता यावे म्हणून आपण धडपडतो. त्या मुलांना महाराष्ट्राचा कारभार कसा चालतो, हेही कळायला नको का? कार्यकारिणीला माझी विनंती आहे: पुढच्या वर्षी एका विनोदी चित्रपटाच्या जागी ‘सिंहासन’ लावा आणि नंतर अर्धा तास चर्चेला ठेवा. बटाटेवडे तेव्हाही चालतील!