‘शास्त्रात लिहिले आहे’ म्हणजे काय?

काही वाक्ये अशी असतात की ती उच्चारताच वाद संपतो. ‘शास्त्रात लिहिले आहे’ हे त्यांपैकीच एक. समलिंगी माणसांचा विषय निघाला की आमच्या ख्रिस्ती समाजात हे वाक्य हमखास कानी पडते आणि मग पुढे कोणी बोलत नाही. कोठे लिहिले आहे, कोणी लिहिले, कोणत्या प्रसंगी लिहिले, असे विचारणे उद्धटपणाचे समजले जाते. प्रस्तुत लेखात मी तेच विचारणार आहे. माझी आजी निरक्षर होती. पाळकसाहेब वाचून दाखवतील तेवढेच शास्त्र तिच्या वाट्याला येई. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. तेव्हा एखादे वचन पुढे आले, तर त्याचा सबंध अध्याय वाचून पाहणे हे मी माझे कर्तव्य समजते.

प्रथम मोजदाद करू. या विषयासाठी पुन्हापुन्हा पुढे केली जाणारी स्थळे बायबलमध्ये साधारण सहा आहेत: उत्पत्तीचा १९ वा अध्याय, लेवीय पुस्तकातील दोन वचने, आणि पौलाच्या पत्रांतील तीन उल्लेख, म्हणजे रोमकरांस, करिंथकरांस पहिले आणि तीमथ्याला पहिले. चारही शुभवर्तमानांत प्रभू येशू या विषयावर काही बोलल्याची नोंद नाही. घटस्फोटाविषयी मात्र तो स्पष्ट आणि कठोर बोलला आहे. धनलोभ व ढोंग यांविषयी तर वारंवार. वचने थोडी आहेत म्हणून ती सोडून द्यावीत असे मी म्हणत नाही. ती नीट वाचावीत, एवढेच म्हणते.

सदोमची गोष्ट घ्या. लोटाच्या घरी दोन पाहुणे येतात. गावचा जमाव दाराशी जमून त्यांच्यावर बलात्कार करू पाहतो. ही गोष्ट प्रेमाची नाही, विवाहाची नाही. ती परक्या माणसावर झुंडीने केलेल्या अत्याचाराची आहे. शास्ते पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात जवळजवळ हीच गोष्ट गिबा गावी घडते. तेथे जमावाच्या हाती एक स्त्री दिली जाते आणि रात्रभराच्या अत्याचाराने ती मरते. त्यावरून स्त्री-पुरुष संबंधच पाप आहे असा निष्कर्ष आजवर कोणी काढलेला नाही. मग सदोमवरूनच तसा निष्कर्ष का काढावा? यहेज्केल संदेष्टा तर १६ व्या अध्यायात सदोमच्या दोषांची यादीच देतो. गर्व, भरल्या पोटाची बेफिकिरी आणि गरिबाला हात न देणे, हे दोष तो सर्वांआधी सांगतो. त्या कसोटीला आपल्यातील किती मंडळी उतरतील?

लेवीय पुस्तकाची गोष्ट निराळी आहे. तेथील मनाई उघड आहे आणि शिक्षाही सांगितलेली आहे: देहदंड. पण त्याच पुस्तकात दोन प्रकारच्या सुतांचे वस्त्र वर्ज्य आहे, डुकराचे मांस वर्ज्य आहे, अडचणीत सापडलेल्या भाऊबंदाकडून व्याज घेणे वर्ज्य आहे. विरोधक म्हणतात, विधीचे नियम गेले, नीतीचे राहिले. परंतु ही विभागणी खुद्द त्या पुस्तकात केलेली नाही; ती पुढच्या वाचकांनी केली. शिवाय ज्यांना हे वचन आजही जसेच्या तसे बंधनकारक वाटते, त्यांनी शिक्षेचे काय करायचे हेही सांगितले पाहिजे. हा केवळ तर्काचा खेळ नव्हे. मे २०२३ मध्ये युगांडात झालेल्या कायद्याने काही प्रकारच्या समलिंगी संबंधांना देहदंड ठेवला. तेथील अँग्लिकन चर्चच्या प्रमुखांनी कायद्याचे स्वागत केले आणि देहदंडाऐवजी जन्मठेप असावी एवढेच सुचविले. वचन वेगळे काढून वाचण्याची किंमत कोणीतरी देतच असतो.

पौलाचे लेखन सर्वांत अवघड, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तो पुरुषांच्या व स्त्रियांच्या अशा संबंधांना निंद्य म्हणतो. त्याने तसे म्हटलेच नाही, असा बचाव करणारे लोक शास्त्राला न्याय देत नाहीत. पण पौलापुढे कोणते जग होते? मालक आपल्या गुलामांचा आणि किशोरवयीन मुलांचा उपभोग घेत असे ते रोमन जग. दोन समान, प्रौढ माणसांनी जन्मभर एकमेकांना सांभाळण्याचा करार त्याच्या डोळ्यांपुढे होता का, असा प्रश्न अनेक अभ्यासक विचारतात. दुसरे अभ्यासक तो अमान्य करतात. आणखी एक गोष्ट. पहिला अध्याय संपतो न संपतो तोच, दुसऱ्याच्या आरंभी पौल वळून न्याय करू पाहणाऱ्या वाचकालाच दोषी ठरवतो. आपले उपदेश बहुधा पहिल्या अध्यायाशीच थांबतात.

करिंथकरांस पत्रात तर अडचण शब्दाचीच आहे. पौलाने वापरलेल्या दोन ग्रीक शब्दांच्या नेमक्या अर्थाविषयी आजही वाद आहे. १९४६ मध्ये इंग्रजीतील एका प्रतिष्ठित भाषांतराने या दोन्ही शब्दांसाठी मिळून ‘समलिंगी’ या अर्थाचा एकच आधुनिक शब्द घातला; १९७१ च्या आवृत्तीत तो बदलला. मूळ आधुनिक शब्द जर्मन भाषेत १८६९ मध्ये प्रथम छापला गेला. म्हणजे एकोणिसाव्या शतकातली कल्पना पहिल्या शतकातल्या लेखकाच्या तोंडी घातली गेली. भाषांतर म्हणजे निवड, हे मराठी ख्रिस्ती वाचकाला वेगळे सांगायला नको. साध्या बायकांना समजेल असे शास्त्र असावे म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये देह ठेवण्यापूर्वी ते काम त्यांनी केडगावी पुरे केले. दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर त्या थांबल्या नाहीत.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा या सहा स्थळांचा नाहीच. देवाने नर व नारी निर्माण केली आणि विवाह त्यांच्यासाठी नेमला. येशूनेही मत्तयाच्या १९ व्या अध्यायात तेच सांगितले, हा त्यांचा खरा आधार. तो आदराने ऐकला पाहिजे. पण येशू तेथे घटस्फोटाविषयीच्या प्रश्नाला उत्तर देत होता. आणि त्याच संभाषणात पुढे तो षंढांविषयी बोलतो: काही जन्मतः तसे, काहींना माणसांनी केलेले, काही स्वर्गाच्या राज्यासाठी स्वतः झालेले. विवाहाच्या चौकटीत न बसणारी माणसे त्याला दिसत होती, आणि त्याने त्यांचा धिक्कार केला नाही. अनुवाद पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात षंढाला देवाच्या मंडळीत मज्जाव आहे. यशयाच्या ५६ व्या अध्यायात त्यालाच देवाच्या घरात मानाचे स्थान मिळण्याचे अभिवचन आहे. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प एका कूशी षंढाला वाटेतच बाप्तिस्मा देतो. बंद केलेले दार शास्त्राने स्वतःच पुन्हा उघडल्याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट संघटना १८४५ मध्ये गुलामगिरीच्या वादातून वेगळी झाली. गुलाम बाळगणाऱ्यांची बाजू घेणाऱ्यांकडेही वचने होतीच. १९९५ मध्ये त्याच संघटनेने त्याबद्दल माफी मागितली. समलिंगी विवाहाला मान्यता देणारा अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल उलटवावा, असा ठराव तिनेच जून २०२५ मध्ये केला. दोन्ही प्रश्न एकच आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु एकदा दीडशे वर्षे चुकलेल्या वाचकाने दुसऱ्यांदा अधिक नम्रपणे वाचावे, ही अपेक्षा गैर आहे काय?

आता आपल्या देशाकडे. ३७७ वे कलम ही आपली परंपरा नव्हती. इंग्लंडात धर्मन्यायालयांकडे असलेला हा गुन्हा आठव्या हेन्रीने १५३३ मध्ये राज्याच्या कायद्यात आणला, आणि १८६० च्या दंड संहितेतून त्याची सावली आपल्यावर पडली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केले. त्या वेळी कलम टिकावे म्हणून न्यायालयात उभ्या राहिलेल्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. याउलट मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी २०१३ मध्येच, समलिंगी माणसांना आम्ही गुन्हेगार मानत नाही, असे म्हटले होते. समलिंगी विवाह मात्र त्यांना मान्य नव्हता. विवाहाचा हक्क न्यायालयाने २०२३ मध्ये नाकारला आणि तो प्रश्न संसदेवर सोपवला.

येथे माझे मत स्पष्ट सांगते. कोणाचे लग्न वेदीपुढे लावायचे हे चर्चने ठरवावे. स्वीडनच्या लुथरन चर्चने २००९ मध्ये समलिंगी विवाह लावण्याचे ठरविले. रोमन कॅथलिक चर्चने २०२३ मध्ये अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद देण्यास अनुमती दिली, विवाहविधीस नाही. आमच्या मंडळ्यांनीही आपापला निर्णय घ्यावा. पण राज्याचा विवाह ही निराळी बाब आहे. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही, तरी घटस्फोटाचा कायदा आहे, आणि त्याने चर्चचे काही बिघडलेले नाही. इस्पितळात सही कोणी करायची, घर कोणाच्या नावे राहायचे, मागे राहिलेल्याला काय मिळायचे, हे प्रश्न दिवाणी आहेत. त्यांना वचनांची आडकाठी नसावी.

माझ्या ख्रिस्ती सोबत्यांना आणि आमच्या पाळकांना एवढीच विनंती आहे. रविवारी या विषयावर बोलायचे तर वचनाबरोबर सबंध अध्याय वाचा. यहेज्केल वाचा, यशया वाचा, कूशी षंढाचा बाप्तिस्मा वाचा. समोर बसलेल्या मंडळीत एखादा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मान खाली घालून ते ऐकत असेल, आणि तिने घरात अजून कोणालाच काही सांगितलेले नसेल. आपण काय वाचले यावर, पुढच्या रविवारी ती प्रार्थनेला येईल की नाही, हे ठरणार आहे.