आयसीयूच्या दाराशी बसलेल्या घरच्यांसाठी

घरातलं माणूस न्यूमोनियानं आयसीयूत गेलं की एकच प्रश्न तोंडी येतो. "डॉक्टर, वाचतील ना? किती टक्के?"

आपल्या वसई-विरारकरांना तर आयसीयू म्हटलं तरी धडकी भरते. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या रुग्णालयात आयसीयूलाच आग लागली, ती कुणी विसरलेलं नाही. तुमची घालमेल समजते. तरी टक्क्यांच्या मागे लागू नका.

डॉक्टर अंदाज बांधतात तो गुण मोजून. फुप्फुसं, रक्तदाब, मेंदू, मूत्रपिंड, यकृत आणि रक्तातल्या प्लेटलेट्स, प्रत्येकाला ० ते ४ गुण. इथे गुण जितके जास्त, तितका धोका मोठा. पण हे आडाखे असंख्य रुग्णांवरून बसवलेत. समजा शंभरातले वीस दगावतात. तुमची आई त्या विसांत की उरलेल्या ऐंशींत, हे कुणालाच सांगता येत नाही.

त्यापेक्षा रोज हे विचारा. कालच्यापेक्षा ऑक्सिजन कमी लागतोय का? बीपी टिकवायचं औषध वाढवलं की उतरवलं? हाकेला ओ देतात का? लघवी किती झाली? खाटेला लावलेल्या लघवीच्या पिशवीकडे नर्स तासातासाला वाकून बघते, ते उगाच नाही. पहिल्या दोन दिवसांत गुण चढतायत की उतरतायत, यावरून बरंच कळतं.

तुम्हीही डॉक्टरांना सांगा. बाबा गेल्या कार्तिकात निर्मळच्या जत्रेला चालत गेले होते, की घरातही धरून न्यावं लागत होतं? वयाच्या आकड्याइतकंच हे मोलाचं असतं. साखर, दमा, विडी, काही लपवू नका. चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्या. बोलायला घरातलं एकच माणूस ठेवा.

मुंबईला हलवायचं ठरलं तर आधी तिथली खाट पक्की करा. हायवेच्या कोंडीत अडकलात तरी पुरेल इतका ऑक्सिजन गाडीत आहे का, तेही विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ असू द्या. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटा.

आणि मुळात रुग्णालयात न्यायला उशीर करू नका. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ताप येतच नाही. जेवण सुटतं, बोलणं असंबद्ध होतं. मिनिटाला तीस किंवा जास्त श्वास, बरळणं, निळसर ओठ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

आज घरातल्या वडीलधाऱ्यांचे श्वास, ते शांत बसलेले असताना, पूर्ण एक मिनिट मोजा. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आजारपणात तोच आकडा डॉक्टरांना दाखवा.