रक्तस्राव थांबला, तरी पुढचे ७२ तास मोलाचे

सिरॉसिसमध्ये यकृत कडक होते. आतड्यांकडून यकृतात रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटल्या की रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच होते. अशा वेळी ताबडतोब रुग्णालय गाठा. औषधे आणि एंडोस्कोपीतून केलेले बँडिंग यांनी बहुतेकांचा रक्तस्राव थांबतो. दाब मात्र राहतो.

तो कमी करण्यासाठी ‘टिप्स’ करतात. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट मानेतल्या शिरेतून यकृतात जाऊन स्टेंट बसवतात आणि रक्ताला नवी वाट देतात. पोट उघडावे लागत नाही.

पूर्वी बाकीचे उपाय हरल्यावरच टिप्सचा विचार होई. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६३ रुग्णांच्या युरोपीय अभ्यासात लवकर टिप्स केलेले ८६ टक्के, तर नेहमीचे उपचार घेतलेले ६१ टक्के रुग्ण वर्षानंतर हयात होते. आता ‘बाव्हेनो ७’ या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार, जास्त धोका असलेल्या निवडक रुग्णांत ७२ तासांच्या आत, शक्यतो २४ तासांतच, टिप्स करावे.

हा उपचार सर्वांसाठी नाही. रक्त यकृत टाळून जात असल्याने अमोनियासारखी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचून गोंधळलेपणा किंवा गुंगी येऊ शकते. हृदय कमजोर असल्यास धोका वाढतो.

ही सोय प्रत्येक रुग्णालयात नसते. म्हणून डिस्चार्जची वाट न पाहता पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: ‘आमच्या रुग्णाला टिप्सची गरज आहे का? इथे होत नसेल तर वेळेत कुठे हलवता येईल?’