काळ्या मोहऱ्यांनी राखलेले जगज्जेतेपद

सोफिया येथे ११ मे २०१० रोजी जगज्जेतेपदाच्या लढतीतील बारावा आणि अखेरचा डाव सुरू झाला, तेव्हा विश्वनाथन आनंद व व्हेसेलिन टोपालोव्ह यांचे प्रत्येकी साडेपाच गुण होते. काळी मोहरी आनंदच्या वाट्याला आली होती. त्याने ‘क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड’मधील लास्कर बचाव निवडला. या जुन्या पद्धतीत मोहऱ्यांची लवकर अदलाबदल होऊन काळ्याची बाजू भक्कम होते. विजयाची संधी मात्र क्वचितच मिळते.

बरोबरी झाल्यास जलद डावांवर निकाल लागणार होता आणि त्या प्रकारात आनंदचा दबदबा होता. मायदेशी खेळणाऱ्या टोपालोव्हने बरोबरीत समाधान मानले नाही. ३१व्या चालीत आनंदने मध्यभागातील प्यादे पुढे सारले. टोपालोव्हने ते मारले आणि काळ्या वजिरासाठी व उंटासाठी पांढऱ्या राजाकडे जाणारा कर्ण मोकळा झाला. उघड्यावर आलेला राजा पुन्हा सुरक्षित झालाच नाही. ५६ चालींनंतर टोपालोव्हने डाव सोडला. आनंदने साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी किताब राखला.

भक्कम बचाव स्वतःहून विजय मिळवून देत नाही. प्रतिस्पर्ध्याला मात्र तो धोका पत्करण्यास भाग पाडतो. सोफियात नेमके तेच घडले.