मतपेटी दारी येईल तेव्हाच हक्क खरा

ऑस्ट्रेलियात मतदान हा केवळ हक्क नाही, ते कायद्याने लादलेले कर्तव्य आहे. १९२४ च्या कायद्याने ते सक्तीचे झाले. आजही संघीय निवडणुकीत सबळ कारणाविना मत न देणाऱ्यास २० डॉलर दंड होतो. या व्यवस्थेचा त्या देशाला मोठा अभिमान आहे. मात्र २०२२ साली देशभर सुमारे ९० टक्के मतदान झाले, तेव्हा लिंगियारी मतदारसंघात ते ६७ टक्क्यांच्या आसपासच राहिले. देशातील तो नीचांक होता.

डार्विन परिसर वगळता जवळजवळ संपूर्ण नॉर्दर्न टेरिटरी या एका मतदारसंघात येते. १९६६ मध्ये वेव्ह हिलच्या ऐतिहासिक संपाचे नेतृत्व करणारे गुरिंजी नेते व्हिन्सेंट लिंगियारी यांचे नाव त्याला दिले आहे. नाव मूळ रहिवाशांच्या नेत्याचे आणि मतदानात मागे राहतात तेही मूळ रहिवासीच, हा कसला गौरव?

‘या लोकांना मतदानाची गोडीच नाही’, असे सोयीचे उत्तर दिले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. मतदानदिनापूर्वीच फिरती पथके मोटारीने वा लहान विमानाने दूरच्या वस्त्यांवर जातात. उन्हातान्हात, धुळीत राबणाऱ्या या कर्मचाऱ्यांचे कष्ट वादातीत आहेत. पण अनेक ठिकाणी मतपेटी काही तासच थांबते. त्याच दिवशी वस्ती अंत्यविधीच्या शोकात असेल, माणसे दुसऱ्या गावी गेली असतील, तर संधी गेलीच. इंग्रजी ही ज्यांची तिसरी-चौथी भाषा, त्यांच्या हाती इंग्रजी मतपत्रिका देऊन प्रत्येक उमेदवारापुढे पसंतीक्रम लिहायला सांगितले जाते. प्रांतिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर उमेदवारांची छायाचित्रे असतात; मग संघीय मतपत्रिकेवर का नकोत?

हा अन्याय जुना आहे. १९०२ च्या कायद्याने मूळ रहिवाशांना आणि आशियातून आलेल्यांनाही मताधिकार नाकारला होता. ब्रिटिश हिंदुस्थानातून गेलेल्यांना तो १९२५ मध्ये मिळाला. ज्यांची ती भूमी, त्यांना मात्र १९६२ पर्यंत थांबावे लागले! पुढे सरकारने थेट नावनोंदणीची सोय केली, पण जेथे टपाल घरोघर येत नाही त्या वस्त्या अनेक वर्षे तिच्याबाहेरच राहिल्या. प्रयत्न झाले तेव्हा चित्र पालटले. निवडणूक आयोगाच्याच अंदाजानुसार २०२३ च्या सार्वमतापर्यंत मूळ रहिवाशांची नोंदणी ९४ टक्क्यांवर गेली. मग दोष लोकांच्या उदासीनतेचा की शासनाच्या?

नाव यादीत आले, आता मत पेटीत पडले पाहिजे. पथकांचा मुक्काम वाढवावा, वस्तीतीलच माणसे दुभाषी व मतदान कर्मचारी म्हणून नेमावीत, मतपत्रिकेवर छायाचित्रे छापावीत. त्याला खर्च येईल. परंतु जे राज्य मत न देणाऱ्याला दंड करते, त्याने मतपेटी मतदाराच्या दारी नेलीच पाहिजे. शहरातल्या मतदाराला शाळेच्या पटांगणात दिवसभर केंद्र आणि वाळवंटातल्या मतदाराला दोन-चार तास, याला समान मताधिकार म्हणता येत नाही.